‘कसा आहे?’ याचं उत्तर ‘भारी’ एवढंच नको: पाहिलेल्या सिनेमाबद्दल चार ओळी कशा लिहाव्यात

कोणीतरी ग्रुपवर विचारतं, ‘जारण बघितला का? कसा आहे?’ उत्तरं येतात: ‘भारी’, ‘बरा आहे’, ‘वन टाइम वॉच’, आणि एक उभा अंगठा. विचारणाऱ्याला यातून काय कळलं? तिकिटाला पैसे घालावेत की घरी बसून बघायची वाट पाहावी, आईला सोबत न्यावं का, नेलं तर मध्येच उठून यावं लागेल का, हे त्याला हवं होतं. त्यातलं एकही कळलं नाही.

हा लेख अशा लोकांसाठी आहे ज्यांना समीक्षक वगैरे व्हायचं नाही, पण नुकत्याच पाहिलेल्या सिनेमाबद्दल कामाच्या चार ओळी लिहायच्या आहेत. मी मुद्दाम तीनच प्रकार घेतले आहेत: भयपट, थरारपट आणि घरच्यांबरोबर बघायचे सिनेमे. या तिघांना एकच फूटपट्टी लावली की मत फसतं. भयपटाला ‘स्टोरीत दम नाही’ म्हणणारे आणि घरगुती सिनेमाला ‘प्रेडिक्टेबल’ म्हणणारे लोक आपल्या आसपास भरपूर असतात. त्यांनी पट्टी बदलायला हवी.

१. त्याच रात्री दोन-तीन नोंदी करा, मत नंतर द्या

थेटरातून बाहेर पडताना आपण तापलेले असतो. शेवट जोरात असला की अख्खा सिनेमा आवडल्यासारखा वाटतो, आणि शेवट फसला की आधीचे दोन तास पाण्यात जातात. म्हणून लगेच मत टाकू नका, पण नोंद मात्र लगेच करा. मोबाइलमध्ये एवढंच लिहा: आत्ता डोळ्यांसमोर आहे तो प्रसंग कोणता, कंटाळा पहिल्यांदा कधी आला (फोन हातात घेतला ती वेळ), आणि कोणाचा चेहरा लक्षात राहिला. यात नटाचं नाव आठवलं नाही तरी चालेल, ‘ती म्हातारी’ एवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी ही नोंद वाचली की खरं मत सापडतं. मध्यंतरानंतर तीनदा फोन बघितला असेल तर ‘खिळवून ठेवतो’ असं लिहायला हात धजावत नाही.

२. कुठे आणि कसा बघितला ते लिहा

भयपटाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. ‘तुंबाड’ २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आला तेव्हा तो थोड्याच लोकांनी मोठ्या पडद्यावर बघितला. पुढे मोबाइलवर, लॅपटॉपवर बघून त्याचं नाव पसरत गेलं, आणि १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा थेटरात लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला. सिनेमा तोच होता. पण न थांबणारा पाऊस, वाड्यातला काळोख आणि कंदिलाचा पिवळट उजेड हे सगळं सहा इंची पडद्यावर, तेही ट्यूबलाइट चालू ठेवून बघितलं, तर दिसणारच नाही. ‘भ्रमयुगम’ या मल्याळम सिनेमाचंही तसंच आहे. तो २०२४ मध्ये येऊनही पूर्ण कृष्णधवल आहे. दुपारी खिडकीसमोरच्या टीव्हीवर बघून कोणी ‘काही दिसतच नव्हतं’ म्हणालं, तर दोष खिडकीला द्यावा लागेल.

तेव्हा ‘घरी, रात्री, हेडफोन लावून’ किंवा ‘थेटरात, निम्मं थेटर रिकामं’ एवढी अर्धी ओळ मताच्या सुरुवातीला टाका. तुमची भीती किती खरी होती याचा अंदाज वाचणाऱ्याला त्यावरून येतो.

३. सिनेमा काय करू बघतोय ते आधी ओळखा

पोस्टरवर विश्वास ठेवू नका. परेश मोकाशींचा ‘वाळवी’ (२०२३) खुनाच्या बेतापासून सुरू होतो म्हणून त्याला थरारपट म्हणतात. पण त्याचा जीव काळ्या विनोदात आहे. माणसं जितकी चतुर व्हायला जातात तितकी गोत्यात येतात, आणि आपण मेलेल्या माणसाच्या आसपास बसून हसत असतो. त्याच्याबद्दल ‘भीती वाटली नाही’ अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. आदित्य सरपोतदारांचा ‘मुंज्या’ (२०२४) कोकणातल्या पिंपळावरच्या मुंज्याला घेऊन आला. त्याला घाबरवायचंही होतं आणि हसवायचंही. तिथे विचारायचा प्रश्न असा की हसू आणि भीती एकमेकांच्या पायात आली का? माझ्या मते मुंज्या पडद्यावर जितका स्पष्ट दिसत गेला तितकी भीती कमी होत गेली आणि गंमत वाढत गेली. मुलांबरोबर बघणाऱ्याला हे चालेल. रात्री एकट्याने घाबरायला म्हणून बसलेल्याला चालणार नाही. मतात हे दोन्ही लिहिता येतं.

४. भयपट: कशाची भीती वाटली ते नेमकं सांगा

‘खूप घाबरलो’ यातून काही कळत नाही, कारण घाबरण्याचे प्रकार वेगळे आहेत. सगळ्यात सोपा म्हणजे दचकणं. पडद्यावर शांतता, मग एकदम ढ्ढांग! यात कसब असतं, पण बरंचसं काम आवाज करतो. शंका असेल तर घरी तोच प्रसंग आवाज बंद करून परत बघा. तरीही अंग शहारलं तर दिग्दर्शकाचं कौतुक करा. काहीच वाटलं नाही, तर कौतुक आवाजाच्या माणसाचं.

दुसरी भीती हळूहळू चढते. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) त्याचं चांगलं उदाहरण आहे. गरोदर बाई, उसाच्या फडाने वेढलेलं घर, आणि भीती बरीचशी भरदिवसा. ऊस हलतो तेव्हा वारा आहे की आत कोणी आहे हे कळत नाही. ज्याने कधी उसाच्या फडातून पायवाटेने चालून पाहिलंय त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. भीती त्या जागेतूनच उगवलेली आहे. त्याच दिग्दर्शकाने २०२१ मध्ये हिंदीत ‘छोरी’ नावाने तो पुन्हा केला. दोन्ही बघितले असतील तर ‘मूळ चांगला’ एवढ्यावर थांबू नका. काय वाढवलं आणि त्याने काय सांडलं ते लिहा. असंच ‘वश’ आणि ‘शैतान’चं आहे. घरात शिरलेला अनोळखी माणूस मुलीचा ताबा घेतो ही गोष्ट आधी २०२३ मध्ये गुजरातीत आली, मग २०२४ मध्ये हिंदीत. दोन्हीकडे ती मुलगी जानकी बोडीवाला हिनेच केली आहे, आणि ‘वश’साठी तिला सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एकच नटी, तीच भूमिका, वेगळे दिग्दर्शक: तुलना करायला शिकायचं तर याहून सोयीची जोडी मिळणं कठीण.

तिसरी असते किळस: रक्त, आतडी, सडलेलं काहीतरी. तिचं प्रमाण स्पष्ट सांगणं हे सभ्यतेचं लक्षण आहे. जेवताना बघणारे लोक असतात.

आणि मग येतात भुताचे नियम. नवशिक्यांना मी सगळ्यात आधी हेच बघायला सांगतो. चांगल्या भयपटात वाईट शक्तीला काहीतरी मर्यादा असते. ‘तुंबाड’मध्ये हस्तर या शापित देवाला सोनं मिळालं पण अन्न मिळालं नाही. म्हणून पिठाचं रिंगण, पिठाची बाहुली, आणि त्या बाहुलीवर त्याची भूक भागते तेवढ्या वेळात त्याच्याकडच्या सोन्याच्या मुद्रा काढून घ्यायच्या. हे नियम आपल्याला समजल्यावरच भीती सुरू होते, कारण आता कोणी नियम मोडायला निघाला की आपण खुर्चीत पुढे सरकतो. ‘अ क्वाएट प्लेस’ (२०१८) मध्ये तर एकच नियम आहे: आवाज केलात की मेलात. त्यामुळे जिन्यातला एक वर आलेला खिळासुद्धा राक्षसाइतका भयंकर होतो. उलट ज्या सिनेमात भूत वाटेल तेव्हा वाटेल ते करू शकतं, तिथे थोड्या वेळाने आपण भीती सोडून वाट बघायला लागतो. तुम्हाला एखादा भयपट ‘का कोण जाणे, नाही भिडला’ असं वाटलं, तर आधी त्याचे नियम तपासा. बहुतेक वेळा बिघाड तिथे सापडतो.

अजून एक गोष्ट आपल्याकडच्या भयपटांत टाळता येत नाही. बाधा, करणी, अंगात येणं यांवर विश्वास असलेला आणि नसलेला माणूस एकाच रांगेत बसून तोच सिनेमा बघतो. हृषीकेश गुप्ते यांचा ‘जारण’ (२०२५) या दोघांच्या मधल्या दारातच उभा राहतो: हे बाहेरून आलेलं आहे की मनातलं? अमृता सुभाषची भूमिका त्या दारावरच तोललेली आहे. अशा सिनेमाबद्दल लिहिताना ‘अंधश्रद्धा पसरवतात’ किंवा ‘असं खरंच होतं हो’ या दोन्ही टोकांना न जाता, सिनेमा कुठे झुकला आणि ते तुम्हाला पटलं का, एवढं लिहिलं तरी पुष्कळ.

(लहानपणीची भीती मात्र हिशेबात धरू नका. ‘झपाटलेला’ १९९३ चा. रामदास पाध्यांनी घडवलेला तात्या विंचू ज्यांनी शाळकरी वयात बघितला ते आजही त्या बाहुल्याबद्दल जरा आदरानेच बोलतात. ती भीती वयाची होती. आजच्या आठ वर्षांच्या मुलाला तात्या गोड वाटू शकतो, आणि त्यात तुमचा अपमान काही नाही.)

५. थरारपट: दुसऱ्या दिवशी सकाळी परत विचार करा

थरारपटात दोन वेगळ्या गोष्टी चालू असतात आणि लोक त्यांना एकच समजतात. थरारपटांचा उस्ताद दिग्दर्शक हिचकॉक याने फ्रान्सवा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाशी बोलताना हे टेबलाखालच्या बॉम्बवरून समजावलं होतं. माणसं गप्पा मारत बसलीत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षकाला काही सेकंदांचा धक्का बसतो. पण बॉम्ब ठेवलाय हे प्रेक्षकाला आधी दाखवलं आणि माणसं तशीच गप्पा मारत राहिली, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा असह्य होतात.

‘दृश्यम’ दुसऱ्या जातीचा आहे. जीतू जोसेफचा मूळ मल्याळम सिनेमा २०१३ चा, आणि निशिकांत कामतचा हिंदी २०१५ चा, गोव्यात घडणारा. काय झालं ते आपल्याला आधीच माहीत असतं. ताण याचा असतो की पोलिसांसमोर या घरातलं लहानातलं लहान माणूस टिकेल का. त्यामुळे ‘कोणी केलं ते लगेच कळतं’ ही तक्रार तिथे लागूच होत नाही. हिंदीतला नायक विजय साळगावकर चौथी नापास, पण सिनेमे बघून शिकलेला. आपल्यासारख्या सतत सिनेमे बघणाऱ्यांची तेवढीच इज्जत राखली, हा मला त्यातला आवडता भाग.

‘महाराजा’ (२०२४, तमिळ) वेगळ्या वाटेने जातो. तो आपल्याला माहिती देतो, पण कोणती घटना आधीची आणि कोणती नंतरची हे कळू देत नाही. बघताना गोंधळ होतो, आणि नंतर सगळं जागच्या जागी बसतं. अशा सिनेमाबद्दल ‘सुरुवातीला काही कळत नाही, पण अर्ध्यात सोडू नका’ इतकी सूचना नक्की द्या. पुढच्याचा खरा फायदा त्यातच आहे.

सकाळी चहा पिताना स्वतःला विचारा: योगायोग कुठे आला? योगायोगाने नायक संकटात सापडला तर चालतं, आयुष्यात तसं होतंच. पण योगायोगाने तो सुटला, ऐन वेळी कोणाचा फोन आला, कोणीतरी नेमकं तिथे पोहोचलं, तर लेखकाने हात वर केले असं समजा. मग पात्रांकडे बघा. हुशार म्हणून दाखवलेली पोलीस अधिकारी केवळ कथेला गरज आहे म्हणून एका प्रसंगापुरती मठ्ठ झाली का? हे दोनच प्रश्न, पण अर्ध्याहून जास्त थरारपट इथे गळतात. जे उरतात त्यांची शिफारस बिनधास्त करा.

आता रहस्यफोडीबद्दल. शेवट सांगू नये हे सगळ्यांना माहीत असतं. पण ‘शेवटी असा ट्विस्ट आहे ना, बघच तू!’ हे वाक्यही घात करतं. आता पुढचा माणूस दोन तास प्रत्येक पात्राकडे संशयाने बघत बसणार, आणि कदाचित अर्ध्यातच ओळखणार. ‘अमुक नट लहान भूमिकेत आहे’ हे सांगणंही धोक्याचं, कारण एवढा मोठा नट उगाच दारवान होत नसतो. हिचकॉकने १९६० मध्ये ‘सायको’ लावताना सिनेमा सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही अशी अट थेटरांना घातली होती. आपल्या हातात थेटर नाही, फक्त आपलं तोंड आहे. माझा ढोबळ नियम असा: ट्रेलरमध्ये आहे आणि पहिल्या वीस मिनिटांत घडतं, तेवढंच लिहायचं. त्यापुढचं बोलायचं असेल तर ज्याने बघितलाय त्याला फोन करायचा. ‘अंधाधुन’च्या शेवटावर तर २०१८ पासून असे फोन चालू आहेत.

६. घरचा सिनेमा: खोलीत कोण कोण आहे ते सांगा

‘सहकुटुंब बघण्यासारखा’ हे आपल्याकडचं सगळ्यात ढिलं विशेषण आहे. कुटुंब कोणाचं? ज्या घरात आजी आहे, दहावीतला मुलगा आहे आणि चार वर्षांची मुलगी आहे, तिथे तिघांचे तीन सिनेमे होतात. सेन्सॉरचं प्रमाणपत्र थोडी मदत करतं. पूर्वी ‘यू’, ‘यूए’ आणि ‘ए’ एवढंच दिसायचं, २०२४ पासून ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन भाग झाले आहेत. ते बघा, पण त्यावर विसंबू नका. मारामारी आहे म्हणून सावध केलेला सिनेमा आजी मजेत बघेल, आणि अगदी ‘यू’ मिळालेल्या सिनेमातलं आईचं आजारपण चार वर्षांच्या मुलीला रात्रभर रडवेल. म्हणून नेमकं सांगा: ‘एक चुंबन आहे, शिव्या बऱ्याच, कुत्रा मरतो.’ कुत्रा मरतो ही माहिती किती घरांत सगळ्यात मोलाची असते हे सांगून पटणार नाही. रहस्यफोडीचा नियम इथे थोडा सैल केला तरी कोणी रागावत नाही.

रडवणाऱ्या सिनेमांबद्दल मी जरा कडक आहे. डोळे भरून आले म्हणजे सिनेमा चांगला, असं नसतं. व्हायोलिन सुरू झालं, कॅमेरा म्हाताऱ्या हातांवर गेला की कोणाचाही गळा दाटतो. बघायचं हे की त्या प्रसंगाआधी सिनेमाने काय पेरलं होतं. ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) मध्ये वडिलांनी बनवलेली सायकल विकायची वेळ येते आणि पोरं पंढरपूरच्या यात्रेत दुकान लावतात. सायकलीबद्दल आपल्याला वाटतं, कारण आधी बराच वेळ तिच्यावरून पोरांबरोबर आपणही गल्लीबोळांतून फिरलेलो असतो. तिथे संगीताने हात धरून रडायला न्यावं लागत नाही. त्याउलट आपल्या बऱ्याच कौटुंबिक सिनेमांना शेवटची वीस मिनिटं भाषणाची खोड आहे. एक पात्र उभं राहतं आणि सगळ्यांना नाती समजावतं. मी अशा वेळी चहा टाकायला उठतो.

आणखी एक निरीक्षण मतात टाकता येतं, आणि ते दुसरं कोणी टाकत नाही: खोलीतल्या बाकीच्यांनी काय केलं. ‘बाईपण भारी देवा’ (२०२३) सहा बहिणींचा आणि मंगळागौरीच्या स्पर्धेचा सिनेमा. बायका गटागटाने, नटूनथटून बघायला गेल्या. एकट्या पुरुषाने लॅपटॉपवर बघून त्याबद्दल दिलेलं मत खोटं नसतं, पण अपुरं असतं. पडद्यावर मंगळागौर चालू असताना शेजारच्या रांगेतल्या मावशी बसल्या जागी ताल धरतात, तेही लिहा. मुलं असतील तर मुलाने मध्येच काय विचारलं ते जसंच्या तसं लिहा. तुमच्या दोन परिच्छेदांपेक्षा ते जास्त सांगतं.

७. आता लिहा

वर एवढं वाचून झाल्यावर मत मोठं लिहायचा मोह होईल. आवरा. पाच-सहा ओळी पुष्कळ. नाव, साल, भाषा, गोष्टीचं एक वाक्य, काय पकडलं, काय निसटलं, कोणी बघावा आणि कोणी नको. तारे आणि दहापैकी साडेसात वगैरे देऊ नका. एखाद्या भयपटाला सात आणि एखाद्या घरगुती सिनेमालाही सात दिले, तर त्या दोन सातांचा एकमेकांशी संबंध काय? नमुना म्हणून:

‘लपाछपी, २०१७, मराठी. रात्री, हेडफोन लावून बघितला. गरोदर नेहा नवऱ्याबरोबर शहर सोडून उसातल्या एका घरात राहायला येते. अंधारापेक्षा भरदुपारच्या उसाची भीती जास्त वाटली. उषा नाईक गोड बोलायला लागल्या की पोटात गोळा येतो. मधला भाग तेच ते घोळवतो, आणि शेवटी मुद्दा बोलून दाखवलाय, न बोलता मला जास्त लागला असता. घरात कोणी गरोदर असेल तर तिला सध्या दाखवू नका. मुलांना तर नकोच.’

यात एकही ‘अप्रतिम’ नाही, एकही ‘भन्नाट’ नाही, आणि तरी वाचणाऱ्याला निर्णय घेता येतो. ‘छायांकन उत्तम, पार्श्वसंगीत साजेसं’ ही वाक्यं सरळ गाळा. ती कुठल्याही सिनेमाला लागतात. छायांकनाबद्दल लिहायचंच असेल तर एक चौकट (फ्रेम) सांगा.

८. कोणी वाद घातला तर

घालणारच. ‘याच्यात घाबरण्यासारखं काय आहे?’ असं भयपटाबद्दल हमखास कोणी लिहितं. त्याला पटवायला जाऊ नका, त्याने कुठे आणि कसा बघितला एवढं विचारा. निम्मे वाद तिथेच संपतात. काका मंडळी ‘आमच्या वेळचे सिनेमे’ काढतील, तर त्यांना त्यातलाच एखादा सुचवायला सांगा आणि तो खरंच बघा, बऱ्याचदा फायदाच होतो. आणि कोणी तुमच्या आवडत्या सिनेमातलं भोक बरोबर दाखवलं, तर ‘हे सुटलं होतं’ म्हणून आपल्या मतात तेवढी भर घाला.

सुरुवात कशावरून करायची असं विचाराल तर ‘वाळवी’ घ्या. लांबी कमी आहे, प्रकार चटकन ठरत नाही, आणि शेवटाबद्दल काही न सांगता त्याची शिफारस करणं अवघड आहे, म्हणजे सराव चांगला होतो. मग ‘लपाछपी’, दिवे बंद करून. तिसरा घरातल्या सगळ्यात लहान माणसाला निवडू द्या, आणि त्यावरचं मतही त्यालाच सांगायला लावा. तुम्ही फक्त लिहून घ्या.